'चालेल' म्हणणारे मन

नई सडकेवर आमचे जुने घर आहे. त्याच्या माडीवरच्या लांबट खोलीत संध्याकाळी सात वाजता माझा गाण्याचा वर्ग भरत असे. खाली वाहनांची रेटारेटी, लग्नसराईत बँडवाल्यांचा गोंगाट. वर दोन तंबोरे, एक पेटी आणि शाळा, कोचिंग, गृहपाठ असे सारे आटोपून आलेली आठ-दहा मुले. गेली काही वर्षे या मुलांच्या गाण्यात मला एक गोष्ट जाणवत होती, पण तिचे नाव सापडत नव्हते. मी तिला आळस म्हणत होतो. ते चुकीचे होते, आणि त्या चुकीची किंमत एका मुलीला द्यावी लागली. तिच्याविषयी पुढे सांगेन. आधी ज्या खेळामुळे मला त्या गोष्टीचे खरे नाव कळले, त्याविषयी लिहिले पाहिजे. तो खेळ गोल्फ. लष्करातल्या (आपल्या लष्करातल्या, फौजेतल्या नव्हे) एका गवयाच्या मुलाने गोल्फवर लिहावे, याचे कुणाला हसू आले तर त्याने खुशाल हसावे. मलाही प्रथम आलेच होते.

माझ्याकडे एक निवृत्त कर्नल पेटी शिकायला येतात. आपल्याच जुन्या मराठी घरांपैकी एका घरातले. नाव छापलेले त्यांना आवडायचे नाही. नोकरीनिमित्त सारा देश हिंडले, छावणीछावणीतून तीस वर्षे गोल्फ खेळले, आणि साठी उलटल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा पेटीकडे वळले. एकदा मी मुलांवर फार चिडलो होतो. वर्ग सुटल्यावर ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची मुले पंधराव्या होलवर पोचलेली असतात आणि तुम्ही त्यांच्याकडे पहिल्या होलचा खेळ मागता."

मला काही उलगडा होईना. मग त्यांनी तिथेच जिन्याच्या कठड्याला टेकून मला गोल्फ समजावून सांगितला. या खेळात अठरा होल, म्हणजे जमिनीतले अठरा खळगे. एकेक खळगा जेमतेम सव्वाचार इंच रुंद. चार-साडेचार तासांची रपेट, आठ-नऊ किलोमीटरची चाल. चांगला खेळाडू एवढ्या अवधीत सत्तरएक टोले मारतो, आणि एका टोल्याला लागतात दीड-दोन सेकंद. हिशेब केला तर चार तासांच्या खेळात प्रत्यक्ष खेळणे दोन-अडीच मिनिटांचे!

"मग उरलेला वेळ करायचे काय?" मी विचारले.

"विचार," कर्नलसाहेब म्हणाले. "तीच तर सारी पंचाईत आहे."

वारा कुठून येतो आहे, गवत ओले आहे की कोरडे, जमीन कुठे उतरते आहे, पिशवीतल्या चौदा काठ्यांपैकी कोणती उचलायची, धोका पत्करायचा की सांभाळून खेळायचे, हे सत्तर वेळा ठरवायचे. चेंडू मात्र गवतावर निवांत पडलेला असतो. क्रिकेटमध्ये, हॉकीमध्ये चेंडू अंगावर येतो आणि माणसाला जागे करतो. इथे जागे करायला कुणी नाही. टोला चुकला तर गोलंदाजाला श्रेय देऊन सुटण्याचीही सोय नाही.

पुढे ते जे बोलले ते मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवले. "पंधराव्या होलपर्यंत माझे हातपाय कधी थकले नाहीत. थकायचा तो आत बसलेला, ठरवणारा. पहिल्या होलवर मी चेंडू आणि खळगा यांच्यामधली जमीन चारी बाजूंनी फिरून, वाकून वाकून पाहायचो. पंधराव्याला एकाच बाजूने पाहायचो आणि मनात म्हणायचो, चालेल. आणि मास्तर, गंमत अशी की त्या वेळी मी थकलो आहे असे मला कधीही वाटले नाही. घरी येऊन कार्डावरचे आकडे पाहिले की कळायचे."

'चालेल' हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. दुसऱ्या दिवसापासून मी मुलांकडे त्या नजरेने पाहू लागलो. रविवारी सकाळी जो मुलगा "सर, पंचम जरा उतरलाय" म्हणून मला तंबोरा पुन्हा खाली ठेवायला लावतो, तोच गुरुवारी संध्याकाळी बेसूर तंबोऱ्यापुढे शांतपणे बसतो. "लागला का?" विचारले तर "हो" म्हणतो. कान तोच, तंबोरा तोच; मधल्या दिवसांत ऐकणे काही तो विसरला नव्हता. फक्त ऐकून निवाडा करणारा जो कुणी आत असतो, तो दिवसभराच्या निवाड्यांनी दमलेला होता. मुलगा जांभया देत नव्हता, चेहरा टवटवीत होता, आवाजही खणखणीत लागत होता. म्हणूनच मी फसत होतो.

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा पाठपुरावा फार पूर्वीपासून केला आहे. इटलीत तुरीन येथे आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. थकव्यावरचा त्यांचा ग्रंथ १८९१ साली निघाला. बोटाने वजन ओढायला लावून थकवा मोजण्याचे एक यंत्र त्यांनी बनवले होते. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा तासन्‌तास घेऊन आलेल्या आपल्या सहकाऱ्यांचे बोट त्यांनी त्या यंत्राला लावले, तेव्हा ते एरवीपेक्षा लवकर हरते असे दिसले. बोटाने दिवसभर काहीच केले नव्हते. श्रम डोक्याचे झाले होते. परीक्षकांच्या खुर्चीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे वाचून समाधान वाटेल.

पुढे २००९ साली सॅम्युएले मारकोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा माणसांवर प्रयोग केला. एकदा नव्वद मिनिटे लक्ष ताणणारे कंटाळवाणे काम त्यांना करायला लावले आणि एकदा तेवढाच वेळ आगगाड्या-मोटारींचे साधे माहितीपट दाखवले. दोन्ही खेपेला नंतर दम संपेपर्यंत जागच्या जागी सायकल मारायला लावली. माहितीपट पाहून आलेली माणसे सरासरी ७५४ सेकंद टिकली, डोके शिणवून आलेली ६४० सेकंद. हृदय आणि फुप्फुसे दोन्ही खेपेला सारखीच चालली होती. मन शिणलेल्यांना तेच श्रम जास्त वाटत होते, एवढाच काय तो फरक. या परिणामाच्या मापाविषयी शास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि काहींना तो सांगितला जातो त्याहून लहान वाटतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. मात्र एक गोष्ट पुष्कळ प्रयोगांत दिसली आहे. मनाच्या थकव्याने दमसास आणि नेम बिघडतो. एका झटक्यात लावायचे बळ, उदाहरणार्थ उंच उडी, त्याला फारसा धक्का लागत नाही. पॅरिसच्या संशोधकांनी तर २०२२ साली असे दाखवले, की दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्या माणसांच्या मेंदूच्या पुढल्या भागात ग्लुटामेट नावाचे द्रव्य साचते, आणि अशी माणसे कमी कष्टाची, लगेच पदरात पडणारी गोष्ट निवडू लागतात. मी हे वाचले तेव्हा मला कर्नलसाहेबांचे 'चालेल' पुन्हा ऐकू आले.

आता हे गाण्याला लावून पाहा. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीत लय फार संथ नसते, तरी तिलवाड्यातल्या बड्या ख्यालाचे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास जाते. तेवढ्या वेळात गाणाऱ्याला कितीतरी गोष्टी ठरवायच्या असतात. कोणत्या स्वरावर थांबायचे, बंदिशीचे शब्द कुठे मोडायचे, मागच्या आवर्तनात जे सांगितले त्याच्या पुढचे काय सांगायचे, आणि मुखड्याला कुठून उठायचे. सम जागची हलत नाही, गोल्फच्या खळग्यासारखी ती तिथेच वाट पाहत असते. तिच्याशी नेमके पोचायचे ते आपण. अलगद, ना आधी ना मागून. गोल्फवाले ज्याला 'पट' म्हणतात, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हलकेच खळग्याकडे सारणे, त्याची आणि मुखडा घेऊन समेवर येण्याची जात एकच आहे असे मला वाटते. दोन्हींत जोर लागत नाही, अंदाज लागतो.

आणि तान? ती दुरून हाणलेल्या टोल्यासारखी. शेकडो वेळा घोकून गळ्यात बसलेली असते. मन दमले तरी ती निघते, कधी कधी जास्तच जोरात निघते. श्रोते टाळ्या देतात त्याही तानेलाच. यातली मेख ध्यानात घ्या. दमलेल्या मनाचा गवई आलाप टाळतो, बोलआलाप टाळतो, ठरवण्याच्या साऱ्या जागा टाळतो आणि तानेत शिरतो; आणि सभागृह त्याचे कौतुक करते. आपल्या घराण्याचा अभिमान सांगताना आपण अष्टांग गायकीचे नाव घेतो. दिवसभर पिळून काढलेल्या मुलांना संध्याकाळी गायला बसवीत राहिलो, तर त्या आठ अंगांपैकी किती उरतील याचा हिशेब मी मांडला, आणि तो मला आवडला नाही. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताची नगरी म्हणून मान दिला, २०२४ च्या डिसेंबरात तानसेन समारोहाने शंभरावे अधिवेशन पाहिले. आपण हारतुरे घेतले, दिवे लावले. त्याच नगरीत संध्याकाळी सातच्या वर्गात पंचम उतरलेला कुणाला ऐकू येत नाही.

गोल्फकडे पुन्हा येतो, कारण कर्नलसाहेबांनी मला त्यानंतर दूरचित्रवाणीवर तो खेळ पाहायची सवय लावली, आणि त्यांच्या जुन्या आठवणीही काढून दिल्या. आपल्या शेजारच्या झाशीत जन्मलेला शुभंकर शर्मा एकवीस वर्षांचा असताना २०१८ च्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या मोठ्या स्पर्धेत उतरला. ६५, ६६, ६९ असे तीन दिवस खेळून तिसऱ्या दिवसाअखेर दोन टोल्यांनी सर्वांच्या पुढे होता. (सरावाच्या वेळी तो फिल मिकलसन या नामांकित खेळाडूला आपली ओळख करून द्यायला गेला, तर मिकलसनला तो वार्ताहर वाटला, पुढे ती स्पर्धा मिकलसननेच जिंकली.) चौथ्या दिवशी शुभंकरला ७४ टोले लागले आणि तो नवव्या क्रमांकाच्या बरोबरीत उतरला. त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत तो दक्षिण आफ्रिकेत आणि मलेशियात जिंकून आला होता. त्या दिवशी त्याचे मन थकले होते, की नवखेपण आडवे आले, की नुसता दिवसच वाईट होता, ते त्याचे त्याला माहीत. दुरून निदान करणारा वैद्य मी होऊ इच्छित नाही. कर्नलसाहेब एवढेच म्हणाले, "तीन दिवस पुढे राहणे हे खेळण्यापेक्षा जास्त दमवते."

याच्या उलटचे उदाहरण आदिती अशोक हिचे. २०२१ च्या उन्हाळ्यात तिला करोना झाला होता, अंगातली ताकद गेली होती, तिचे टोले इतरांपेक्षा आखूड पडत होते. जगाच्या क्रमवारीत ती तेव्हा दोनशेच्या आसपास. अशा स्थितीत टोकियो ऑलिंपिकमध्ये ती शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली आणि ७ ऑगस्टला चौथी आली. पदकाला एक टोला कमी पडला. तिने सारे निभावले ते हिरवळीवरच्या त्या हलक्या हाताच्या खेळावर, 'पट'वर. अंग थकलेले, पण निवाडा ताजा. आणि तिची पिशवी उचलून तिच्याबरोबर चार दिवस चालत कोण होते? तिची आई. या पिशवी उचलणाऱ्या साथीदाराला कॅडी म्हणतात. तो नुसता हमाल नसतो; चांगला कॅडी खेळाडूच्या डोक्यावरचे कितीतरी छोटे निर्णय स्वतःकडे घेतो. आपल्याकडे चांगला तबलजी आणि मागचा तंबोरेवाला हेच करतात. ठेका भरवशाचा असला की गाणाऱ्याला मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

कर्नलसाहेबांनी आणखी एक युक्ती सांगितली. मुरलेले खेळाडू चार तास सलग एकाग्र राहण्याच्या भानगडीत पडत नाहीत. चेंडूपाशी पोचले की मन लावतात, टोला मारला की काढून घेतात. मधल्या वाटेने झाडे पाहतात, कॅडीशी घरच्या गोष्टी करतात. आणि टोल्यापूर्वीच्या साऱ्या हालचाली दर वेळी त्याच ठेवतात, म्हणजे त्यात काही ठरवायचे उरत नाही.

हे ऐकून मला आमचे अण्णा आठवले. अण्णा दरबारी गवयांच्या अगदी शेवटच्या फळीतले. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते, नोकरीला लागून दोन वर्षेही झाली नव्हती. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे शेंडेफळ. पुढे उत्सवप्रसंगी आणि मैफलींना ते आयुष्यभर गात राहिले. आणि गाणे असेल त्या दिवशी घरात एक विचित्र कायदा लागू होई. अण्णांना काही विचारायचे नाही. कोणता कोट, कोणती टोपी, जेवायला काय, टांगा किती वाजता, हे सारे आईने ठरवायचे. वाण्याचा हिशेब उद्या. कुणी चुकून "भाजी कोणती करू?" म्हटले तर ते हात वर करून म्हणत, "आज मला काही विचारू नका." आम्हां भावंडांना तो गवयाचा तोरा वाटे. दरबारात त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी ऐकलेली एक गोष्ट ते सांगत: बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसे, पोशाख करून तासन्‌तास बसावे लागे, तिथे जो नवखा असे तो बसल्या बसल्या मनात सारा राग गाऊन टाकी, आणि प्रत्यक्ष बोलावणे आले की रिकाम्या हाताने उठे. जुने लोक पान लावीत बसत.

अण्णांच्या या व्यवस्थेत आईच्या मनाच्या थकव्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, हेही इथे लिहून ठेवतो. तीही गात असे, लग्नाआधी.

सचिन तेंडुलकर यांनी २०२१ साली एका मुलाखतीत सांगितले होते, की सामन्याच्या आदल्या रात्री झोप न लागण्याचा त्रास त्यांना दहा-बारा वर्षे झाला. पुढे त्यांनी त्याच्याशी झगडणे सोडून दिले. स्वतः चहा करावा, कपड्यांना इस्त्री करावी, पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवावी, अशा ठरलेल्या कामांत ते मनाला बसवीत. २४ फेब्रुवारी २०१० चा तो सामना आपल्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. पहिल्या षटकापासून शेवटपर्यंत उभे राहून, १४७ चेंडूंत, दोनशेव्या धावेसाठी त्यांनी पन्नासाव्या षटकातला एक चेंडू हलकेच ढकलला आणि धावले. एकोणपन्नास षटकांच्या शेवटी माणसाच्या मनात उरते ते तोपर्यंत त्याने काय काय खर्च केले नाही यावर अवलंबून असते, असे मला आता वाटते.

आमच्या घराण्याच्या गोष्टींत मात्र थकवा म्हटला की शरीराचाच. हस्सूखाँनी जीवघेणी तान घेतली आणि रक्त ओकले, ही आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. छाती फुटली, बरगडी मोडली, आवाज बसला. मन दमले अशी गोष्ट कुणी सांगत नाही. त्यामुळे जुन्या वळणाचे पालक मला हमखास विचारतात, "पूर्वीचे लोक दहा-दहा तास रियाज करीत, ते कसे?" करीत असतील, पण त्यांना दिवसभरात दुसरे ठरवायचे काय होते? संस्थानचा पगार गवयाला धान्य-कपडा देई एवढेच आपण म्हणतो. खरे तर तो त्याला सकाळी उठल्यावर गाण्याखेरीज कशाचाही निर्णय न घेण्याची मोकळीक देत होता. १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंडे यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय काढले, त्याच्याही चार वर्षे आधी कृष्णराव पंडितांनी आपले गांधर्व विद्यालय काढले होते, तेव्हा गाणे साध्या गृहस्थांच्या मुलांपर्यंत आले. फार मोठे काम झाले. माझी रोजीरोटी त्याच कामाची पुण्याई आहे. पण त्या मुलांना शाळा होती, आणि आजच्या मुलांना शाळेवर कोचिंग आहे, कोचिंगवर मोबाइल आहे. दरबारी गवयाच्या रियाजाची अपेक्षा आपण तशीच ठेवली आणि त्याची मोकळीक तेवढी काढून घेतली.

आता त्या मुलीविषयी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा दहावीत होती. माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतका नेमका कान मी दोन-तीनच पाहिले. शहरातल्या एका कार्यक्रमात तिचे गाणे ठेवले होते. त्या दिवशी सकाळी तिची तीन तासांची सराव-परीक्षा झाली होती, दुपारी कोचिंग. पाच वाजता ती माझ्याकडे आली. आणि मी, शहाण्याने, दीड तास तालीम घेतली. नुसती तालीमच नाही, भूपाच्या ख्यालातल्या दोन जागा ऐन वेळी बदलून दिल्या. कार्यक्रम सातचा. दीपप्रज्वलन झाले, सत्कार झाले, चार भाषणे झाली. तिचा क्रमांक लागला साडेनऊला.

आवाज सुरेख लागला. तिसऱ्या आवर्तनाला ती समेच्या एक मात्रा आधीच येऊन उभी राहिली. तबलजीने सांभाळून घेतले. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. मग तिने आलाप सोडला, ठरवून दिलेल्या दोन्ही जागा सोडल्या, आणि सरळ तानांत शिरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र पडद्यामागे तिला दोन माणसांदेखत म्हणालो, "रियाज केला नाहीस, आणि तानांनी लोकांना फसवलेस." ती एवढेच म्हणाली, "सर, मला ठेका ऐकूच येत नव्हता." मला ती सबब वाटली. ठेका तर तिच्यापासून तीन हातांवर वाजत होता!

पुढच्या आठवड्यात ती वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिची आई तंबोरा परत देऊन गेली.

ती अक्षरशः खरे बोलत होती, हे कळायला मला कर्नलसाहेबांचा जिन्यातला धडा लागला. तोही त्यानंतर वर्षभराने मिळाला.

म्हणून नगरातल्या कार्यक्रम करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की मुलांचे गाणे आधी ठेवा आणि भाषणे नंतर. वक्ते थकले तर फारसे बिघडत नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लहान मुलांना दिवसअखेरीचा क्रमांक देऊ नये. परीक्षकही तेव्हा 'चालेल' म्हणायला लागलेले असतात, मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. पालकांना एवढेच, की गाण्याला दिवसाचा उरलेला तुकडा देऊ नका. आठवड्यातून दोनच दिवस द्या, पण ताजे द्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी कार्यक्रमाच्या दिवशी मुलाला नवे काही सांगण्याचा मोह आवरावा. हा मोह विद्येचा नसतो. आपल्या काळजीचा असतो, आणि ती आपण मुलाच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो.

मी माझा वर्ग सकाळी साडेसहावर आणला आहे. शनिवार आणि रविवार. ग्वाल्हेरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले धाडस कळेल. चौघांनी मुले काढून घेतली. जनकगंजातले एक आजोबा रागावून विचारायला आले, "आणि मुलाला उठवायचे कुणी?" मी म्हटले, "तुम्ही. तुम्ही तर पाचलाच उठता." ते आता नातवाला घेऊन येतात आणि स्वतः कोपऱ्यात शाल पांघरून बसतात. जे आठजण उरले आहेत ते तंबोरा लावायला फार वेळ घेतात. कधी कधी पंधरा मिनिटे त्यातच जातात, आणि मी घड्याळ पाहत नाही.

गेल्या दिवाळीत सराफ्यात त्या मुलीची आई भेटली. मुलगी अभ्यासात चांगली आहे, गात नाही, असे कळले. मी म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती, तिला सांगा." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते तुम्हीच तिला सांगायला हवे, गुरुजी." अजून धीर झालेला नाही. त्यांच्या घरी हे वर्तमानपत्र येते, एवढे मला माहीत आहे.